जोडकाम चुकलेल्या पेशी

१. ‘म्हणजे हे आमच्या घराण्यात आहे का?’

लिम्फोमाचा रिपोर्ट हाती आला की घरचे लोक पहिला प्रश्न विचारतात तो बरं होण्याबद्दल. दुसरा जरा दबक्या आवाजात येतो. रिपोर्टमध्ये कुठेतरी ‘८ आणि १४ क्रमांकाच्या गुणसूत्रांत अदलाबदल’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून रुग्णाची बायको किंवा थोरला मुलगा विचारतो, “डॉक्टर, जनुकात दोष आहे म्हणताय, म्हणजे हे आमच्या घराण्यात आहे का? पोरांच्याही तपासण्या करून घ्यायच्या का?” मनात आणखी एक बोच असते. रुग्णाने जन्मात तंबाखूला हात लावलेला नसतो. मग हा दोष आला कुठून?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर आहे. जंतूंशी लढता यावं म्हणून आपलं शरीर काही पेशींमधला डीएनए मुद्दाम तोडतं आणि पुन्हा जोडतं. हे काम तुमच्या-माझ्या अंगात रोज चालू असतं. बऱ्याच लिम्फोमांची सुरुवात या तोडजोडीत झालेल्या एखाद्या चुकीपासून होते. ती चूक कशी होते आणि झाली तरी बहुतेकांना आजार का होत नाही, ते पायरीपायरीने पाहू.

२. अवधाण कशामुळे येतं

पायाला काटा रुतून जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे कोणत्याही आजीला ठाऊक असतं. ही दुखरी गाठ म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. अशा शेकडो ग्रंथी मान, काख, जांघ, छाती आणि पोट इथे विखुरलेल्या आहेत. त्यांच्यात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी राहतात. जंतू आला की त्या भराभर वाढतात आणि ग्रंथी फुगते. जंतू संपला की जादा पेशी मरतात आणि अवधाण उतरतं.

लिम्फोमा हा या लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग. इथे गाठ उतरत नाही, आणि बऱ्याचदा दुखतही नाही. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली अशा रुग्णांचं वर्णन केलं आणि एका प्रकाराला पुढे त्यांचंच नाव मिळालं. आज लिम्फोमाचे कित्येक डझन प्रकार मानले जातात. त्यातले बहुतांश एकाच जातीच्या पेशींतून निघतात, त्या म्हणजे बी-पेशी. प्रतिपिंडं, म्हणजेच अँटीबॉडी, तयार करणं हे बी-पेशींचं काम आणि आपला सगळा विषय त्या कामाभोवती फिरतो.

पुढे लागणाऱ्या तीन शब्दांची ओळख इथेच करून घेऊ. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचे ४६ लांब धागे असतात, ती गुणसूत्रं. या धाग्यांवर चार रासायनिक अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो, एका पेशीत सुमारे ६०० कोटी अक्षरं. या मजकुरातला एक अर्थपूर्ण उतारा, उदाहरणार्थ एखादं प्रथिन बनवण्याची कृती, म्हणजे जनुक. पेशी दुभंगताना हा सगळा मजकूर नव्याने उतरवला जातो आणि त्यात चुका अगदी क्वचित राहतात. चुका, तुटी आणि भलतीकडचे सांधे यांचं प्रमाण नेहमीपेक्षा वाढलं, की त्या अवस्थेला जनुकीय अस्थिरता म्हणतात.

३. थोड्या तुकड्यांतून लाखो नमुने

माणसाकडे प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,००० आहेत. जगातले जंतू मात्र अगणित, आणि उद्या कोणता नवा येईल हे कुणालाच माहीत नाही. प्रत्येक जंतूसाठी वेगळं प्रतिपिंड हवं, तर एवढी जनुकं आणायची कुठून?

हे कोडं सुसुमु टोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे १९७६ मध्ये सोडवलं. त्याबद्दल त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. प्रतिपिंडाचं जनुक आपल्याला आईवडिलांकडून तयार मिळतच नाही. मिळतात ते फक्त तुकडे. गोधडी शिवायला बसलेली बाई जुन्या लुगड्यांच्या गाठोड्यातून एक तुकडा काठाचा, एक पदराचा, एक मधला असे निवडते, हवे तेवढे कापते आणि जोडते. प्रत्येक नवी बी-पेशी हाडांच्या मगजात असताना आपल्या डीएनएचं नेमकं असंच करते. मधला नको असलेला भाग ती कायमचा कापून टाकते.

याचा हिशेब सोपा आहे. प्रतिपिंडाच्या जड साखळीसाठी तीन गठ्ठे असतात. पहिल्यात साधारण ४० कामाचे तुकडे, दुसऱ्यात २३, तिसऱ्यात ६. प्रत्येकातला एक उचलायचा, म्हणजे ४० × २३ × ६ = ५,५२० जोड्या. हलक्या साखळीच्या साधारण ३२० जोड्या होतात. दोन्ही साखळ्या मिळून प्रतिपिंड बनतं, म्हणून ५,५२० × ३२० म्हणजे साडेसतरा लाखांहून अधिक नमुने. शिवाय सांध्यापाशी काही अक्षरं मुद्दाम गाळली किंवा घातली जातात, त्यामुळे खरा आकडा याच्या कितीतरी पट मोठा होतो.

इथली कात्री म्हणजे आरएजी नावाची दोन प्रथिनं. ती डीएनएचे दोन्ही पदर आरपार कापतात. शरीरातल्या इतर बहुतेक पेशींसाठी अशी तूट म्हणजे मोठं संकट असतं. इथे मात्र ती रोजची कामाची पद्धत आहे.

४. ग्रंथीच्या आत, जंतू आल्यावर

पहिलं जोडकाम संपवून बी-पेशी ग्रंथीत येऊन राहते. तिचं प्रतिपिंड एखाद्या जंतूला जेमतेम चिकटलं, तर ती ग्रंथीतल्या एका खास गोलाकार भागात शिरते. त्याला जर्मिनल सेंटर म्हणतात. अवधाण आलेल्या ग्रंथीत अशी केंद्रं ठिकठिकाणी उठलेली असतात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकात एक गडद आणि एक फिकट बाजू दिसते. माझ्या मते शरीरातली ही सर्वांत विलक्षण जागा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

गडद बाजूला पेशी ६ ते १२ तासांत दुप्पट होतात. माणसाच्या शरीरात याहून वेगाने वाढणाऱ्या पेशी फार थोड्या. याच वेळी त्यांच्यात एआयडी नावाचं एक एन्झाइम कामाला लागतं. क्योतोमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने ते १९९९ मध्ये शोधलं. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘सी’ हे अक्षर एआयडी बदलून टाकतं आणि जे नवं अक्षर उमटतं ते डीएनएत असायलाच नको असतं. पेशीची दुरुस्ती यंत्रणा ते काढायला धावते आणि त्या गडबडीत कधी भलतंच अक्षर बसतं. अशा रीतीने प्रतिपिंडाच्या जनुकात साध्या पेशीपेक्षा सुमारे १० लाख पट वेगाने बदल होतात.

मग पेशी फिकट बाजूला येते आणि तिथे तिची परीक्षा होते. नव्या बदलामुळे प्रतिपिंड जंतूला अधिक घट्ट चिकटत असेल तर ती जगते आणि पुन्हा गडद बाजूला जाते. नसेल तर मरते. बहुतेक मरतातच. लशीच्या दुसऱ्या डोसनंतर काही आठवड्यांनी प्रतिपिंडं अधिक धारदार होतात, ती या निवडीमुळे. एआयडीचं आणखी एक काम आहे. प्रतिपिंडाचा शेपटाकडचा भाग बदलून त्याचा वर्ग बदलायचा असतो, आणि त्यासाठी डीएनए पुन्हा एकदा आरपार तुटतो.

आता यातली खरी जोखीम पाहा. डीएनए तुटल्याबरोबर पी५३ नावाचं प्रथिन एरवी पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं. जर्मिनल सेंटरमध्ये तसं झालं तर कामच होणार नाही. म्हणून तिथल्या पेशी बीसीएल६ या प्रथिनाच्या मदतीने पी५३ ला काही काळ गप्प करतात. तुटी होतायत, वाढीचा वेग कमाल आहे आणि धोक्याची सूचना देणारा मुद्दाम शांत केलेला. लिम्फोमाच्या इतक्या प्रकारांचं मूळ याच जागी का सापडतं, ते यावरून ध्यानात येतं.

हे एन्झाइम नसतंच तर? एआयडीचं जनुक जन्मतः निकामी असलेली मुलं आहेत. त्यांच्या बी-पेशी प्रतिपिंडांचा वर्ग बदलू शकत नाहीत आणि लहानपणापासून त्यांना जिवाणूंचे आजार वारंवार होतात. म्हणजे हे धोक्याचं काम शरीराला टाळता येत नाही.

५. कम्पालातली मुलं

चूक कशी होते हे माणसाला समजलं ते आफ्रिकेतल्या मुलांमुळे. १९५७ मध्ये युगांडातल्या कम्पालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाला पाच वर्षांचा एक मुलगा दाखवण्यात आला. त्याच्या वरच्या आणि खालच्या जबड्याला, दोन्ही बाजूंना गाठी होत्या. संसर्ग म्हणावा तर एकाच वेळी चार ठिकाणी कसा, आणि कर्करोग तरी असा कसा वाढेल? काही आठवड्यांनी जिंजा गावच्या रुग्णालयात बर्किट यांना खिडकीतून तशाच चेहऱ्याचं आणखी एक मूल दिसलं. त्याच्या पोटातही गाठी होत्या. मग त्यांनी जुनी कागदपत्रं उकरली आणि अशा कितीतरी मुलांच्या नोंदी सापडल्या.

१९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांना घेऊन जुन्या मोटारीतून त्यांनी पूर्व आणि मध्य आफ्रिकेत सुमारे १६,००० किलोमीटरचा प्रवास केला. गावोगावच्या रुग्णालयांत फोटो दाखवून ‘अशी मुलं येतात का?’ असं विचारलं. उत्तरं नकाशावर मांडल्यावर एक पट्टा उमटला: उष्ण, पावसाचा, फार उंच नसलेला प्रदेश. हाच मलेरियाचाही पट्टा होता. त्याच वर्षी लंडनमधलं त्यांचं व्याख्यान अँथनी एप्स्टाइन यांनी ऐकलं आणि गाठींचे नमुने कम्पालाहून विमानाने मागवले. १९६४ मध्ये त्या पेशींत एक नवा विषाणू दिसला. तो एप्स्टाइन–बार विषाणू. पुढे कळलं, की जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू निमूटपणे राहतो. नुसत्या विषाणूने हा कर्करोग होत असता तर अनर्थ झाला असता.

म्हणून नजर गुणसूत्रांकडे वळली. १९७२ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात मानोलोव्ह दांपत्याने या मुलांच्या कर्करोगाच्या, म्हणजे बर्किट लिम्फोमाच्या, पेशींत १४ क्रमांकाचं गुणसूत्र थोडं लांबलेलं पाहिलं. हा जादाचा तुकडा ८ क्रमांकाच्या गुणसूत्राकडून आला आहे हे १९७६ मध्ये लोरे झेख आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. १९८२ मध्ये तो सांधा अक्षरशः वाचला गेला. १४ क्रमांकावर प्रतिपिंडाच्या जड साखळीचं जनुक असतं, म्हणजे शरीर मुद्दाम कापतं तीच जागा. आणि तिथे येऊन जोडलं गेलं होतं मिक नावाचं जनुक, जे पेशीला ‘दुभंग’ असा हुकूम देतं.

६. सांधा कुठे पडला, यावर आजार ठरतो

जनुक कधी आणि किती चालू राहील हे त्याच्या शेजारच्या डीएनएवर अवलंबून असतं. बी-पेशीत प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारचा भाग सदैव जोरात चालू असतो, कारण प्रतिपिंड बनवणं हेच तिचं काम. मिक तिथे येऊन बसलं की तेही सदैव चालू. पेशी थांबतच नाही आणि बर्किट लिम्फोमाची गाठ एकदोन दिवसांत दुप्पट होऊ शकते.

तीच चूक दुसऱ्या जनुकाशी झाली तर आजाराचा स्वभावच पालटतो. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या साधारण ८५ टक्के रुग्णांत १४ आणि १८ क्रमांकांची अदलाबदल असते. १८ वरून येणारं जनुक बीसीएल२. ते पेशीला वाढायला सांगत नाही, ते तिला मरू देत नाही. फिकट बाजूच्या परीक्षेत नापास झालेल्या पेशी मरायला हव्यात, त्या जिवंत राहतात आणि साठत जातात. गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. काही रुग्णांना तर निदानानंतर कितीतरी काळ उपचाराविना नुसतं नजरेखाली ठेवतात. घरच्यांना हा निष्काळजीपणा वाटतो, पण त्यामागे या पेशींच्या संथ स्वभावाचं ज्ञान आहे.

शास्त्रज्ञांनी तुटलेल्या जागेवरून कात्रीही ओळखली. बीसीएल२ च्या बाबतीत १४ क्रमांकावरची तूट आरएजी जिथे कापतं तिथेच आढळते. म्हणजे ती चूक हाडांच्या मगजात, पहिल्या जोडकामाच्या वेळची. मिकच्या बाबतीत बऱ्याच रुग्णांत तूट वर्ग बदलण्याच्या जागी असते, म्हणजे हात एआयडीचा. एआयडी नसलेल्या उंदरांच्या बी-पेशींत मिकची ही अदलाबदल घडत नाही, असं २००४ मध्ये दिसून आलं.

आता घराण्याच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. ही अदलाबदल रुग्णाच्या एका बी-पेशीत, त्याच्या जन्मानंतर झाली. ती त्याच्या बीजपेशींत नाही, म्हणून मुलांकडे जात नाही. जवळच्या नात्यात धोका किंचित जास्त आढळतो, पण एरवी केवळ त्यासाठी मुलांच्या तपासण्या करायची गरज नसते. अपवाद फार दुर्मीळ विकारांचा. डीएनएची तूट ओळखणारं एटीएम हे जनुक ज्या मुलांना दोन्ही पालकांकडून निकामी मिळतं, त्यांचा चालताना तोल जातो, डोळ्यांत लाल रक्तवाहिन्या दिसतात आणि लिम्फोमाचा धोका खूप वाढतो. तुटी त्यांच्याही शरीरात सगळ्यांसारख्याच होतात. त्या वेळेवर सांधणारं कुणी नसतं.

७. चूक अनेकांत, आजार थोड्यांना

अतिसंवेदनशील तपासणी केली तर १४ आणि १८ ची अदलाबदल असलेल्या मोजक्या पेशी अनेक निरोगी प्रौढांच्या रक्तात सापडतात. त्यांतल्या बहुतेकांना लिम्फोमा कधीच होत नाही. एका चुकीने काम भागत नाही, आणखी चुका साठाव्या लागतात. त्या साठायला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळतो जर्मिनल सेंटर दीर्घकाळ पेटतं राहिलं की.

मलेरियाचा पट्टा आणि बर्किटचा पट्टा एक का, हे इथे उलगडतं. वारंवार मलेरिया होणाऱ्या मुलाच्या ग्रंथींना विश्रांतीच नसते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बी-पेशींत पी५३ नसलेल्या उंदरांना मलेरियाच्या परजीवीची लागण केली. त्यांची जर्मिनल सेंटरं दीर्घकाळ टिकून राहिली, एआयडीचं काम चालूच राहिलं आणि त्यांना पक्व बी-पेशींचे लिम्फोमा झाले. एप्स्टाइन–बार विषाणूची भूमिका याला पूरक आहे. चूक झालेली पेशी मरायला हवी तेव्हा तो तिला जगवायला मदत करतो.

पोटाचं उदाहरण तर आणखी बोलकं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठरात वर्षानुवर्षं राहिला की तिथे बी-पेशी गोळा होतात आणि क्वचित त्यांचा माल्ट लिम्फोमा होतो. अशा रुग्णाला जिवाणू मारण्यासाठी दोनेक आठवडे अँटिबायोटिक दिलं, की बहुतेकांचा लिम्फोमा हळूहळू विरतो. कर्करोग, आणि अँटिबायोटिकने बरा! पण पेशींत ११ आणि १८ क्रमांकांची अदलाबदल झालेली असेल, तर हे औषध सहसा लागू पडत नाही. त्या पेशींना आता जिवाणूच्या चिथावणीची गरज उरलेली नसते.

८. पुढची घसरण आणि पुन्हा बायोप्सी

आतापर्यंतच्या तुटी ठरावीक जागी होत होत्या. काही रुग्णांत अस्थिरता पसरते. एआयडी प्रतिपिंडाचं जनुक सोडून इतर जनुकांवरही अक्षरं बदलू लागतं. पी५३ चं जनुकच कायमचं निकामी झालं, तर गुणसूत्रांचे तुकडे पडण्यावर कुणाचा धाकच राहत नाही. संथ फॉलिक्युलर लिम्फोमा अचानक आक्रमक होतो तेव्हा पेशींत असे बदल सापडतात. वर्षाला शंभरातल्या दोनतीन रुग्णांत असं घडतं.

गुणसूत्रांच्या या तुटी पॅथॉलॉजिस्टला दिसतात त्या फिश नावाच्या तपासणीत. मिकच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या डीएनएला लाल आणि हिरवे चमकणारे रेणू चिकटवतात. काळ्या पडद्यावर निरोगी पेशीत दोन पिवळे ठिपके दिसतात, कारण लाल-हिरवा जवळजवळ असतात. मिकपाशी तूट असेल तर एक पिवळा, आणि बाजूला एक लाल, एक हिरवा असे फाकलेले. पॅथॉलॉजिस्ट अशा पेशी एकेक करून मोजतात. मिक आणि बीसीएल२ दोन्ही तुटलेले आढळले, तर नेहमीची केमोथेरपी बऱ्याचदा पुरत नाही आणि डॉक्टर अधिक तीव्र उपचाराचा विचार करतात. रिपोर्टमधल्या त्या आकड्यांवर औषध ठरतं, म्हणून फिशच्या रिपोर्टसाठी थांबावं लागलं तर थांबणं योग्य.

भराभर दुभंगणाऱ्या पेशी औषधालाही चटकन बळी पडतात. खुद्द बर्किट यांनी कम्पालात थोड्याशा औषधाने मुलांच्या जबड्याच्या गाठी काही दिवसांत वितळताना पाहिल्या. आज सुसज्ज केंद्रांत हा लिम्फोमा झालेली बहुतेक मुलं बरी होतात. वारंवार उलटणाऱ्या लिम्फोमासाठी आपल्याकडे आणखी एक वाट खुली झाली आहे. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या एकत्र कामातून नेक्सकार१९ ही उपचारपद्धती उभी राहिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला देशात परवानगी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे दुसऱ्या जातीच्या लिम्फोसाइट, काढून त्यांच्यात एक नवं जनुक घालतात. मग त्या सीडी१९ ही खूण असलेल्या बी-पेशी शोधून मारतात. परदेशात कोट्यवधी रुपयांना पडणारा हा उपचार इथे बऱ्याच कमी खर्चात होतो, आणि याचा मला मनापासून आनंद वाटतो, जरी बहुसंख्य घरांना तो खर्च आजही झेपणारा नाही.

अस्थिर पेशी इथेही वाट काढतात. काही रुग्णांत डीएनएतल्या नव्या बदलामुळे सीडी१९ ही खूणच नाहीशी होते, आणि आजार परततो तेव्हा टी-पेशींना तो दिसत नाही. म्हणून लिम्फोमा उलटला की डॉक्टर पुन्हा बायोप्सी सांगतात. रुग्ण वैतागून म्हणतो, “एकदा केली की, पुन्हा कशाला सुई?” पण दोन वर्षांपूर्वीच्या गाठीतल्या पेशी आणि आजच्या गाठीतल्या पेशी एकाच वंशाच्या असल्या तरी सारख्या असतीलच असं नाही, आणि आता कोणतं औषध चालेल हे आजची गाठ तपासूनच कळतं.